अवॉर्ड तिकिटाची मैलमर्यादा: मुंबईहून निघावं की दिल्लीहून, याचा हिशोब

जळगावहून धुळ्याला जायचं तर सरळ रस्ता पाळधी, एरंडोल, पारोळा असा. कुणी अमळनेरवरून गेलं तर थोडा फेर पडतो, तरी ते धुळ्याला जाणंच. पण चोपडा, शिरपूर करत धुळं गाठलं, तर त्याला धुळ्याला जाणं म्हणत नाहीत. वाटेत दोन गावं फिरून येणं म्हणतात. पॉइंटवर मिळणाऱ्या विमान तिकिटाचा, म्हणजे अवॉर्ड तिकिटाचा, हाच प्रश्न असतो. मुंबई ते टोकियो तिकीट आहे, मग वाटेत बँकॉक चालेल का? सिंगापूर चालेल का? विमान कंपनी याचं उत्तर कुणाच्या मर्जीवर सोडत नाही. दोन शहरांच्या जोडीला मैलांचा एक आकडा बांधलेला असतो, त्याच्या आत बसलात तर वाट मान्य, बाहेर गेलात तर अमान्य.

पुढचा गोंधळ टाळण्यासाठी एक गोष्ट पक्की धरू. खात्यात जमा होतात त्यांना इथे ‘पॉइंट’ म्हटलंय, आणि ‘मैल’ म्हणजे फक्त अंतर. बऱ्याच कंपन्या दोन्हीला ‘माइल्स’ म्हणतात आणि निम्मे गैरसमज तिथेच होतात.

दोन आकडे: टीपीएम आणि एमपीएम

टीपीएम म्हणजे तिकिटावरच्या दोन लागोपाठच्या शहरांमधलं अंतर. एमपीएम म्हणजे सुरुवातीच्या शहरापासून शेवटच्या शहरापर्यंत जास्तीत जास्त किती मैल फिरून जाता येईल ती मर्यादा. वाटेतल्या सगळ्या टप्प्यांचे टीपीएम मिळवायचे, बेरीज एमपीएमच्या आत हवी. एमपीएम साधारणपणे सरळ अंतराच्या १.२ पट असतो, म्हणजे फेऱ्यासाठी २० टक्के मोकळीक. त्या दोन शहरांमध्ये थेट विमान असलंच पाहिजे असं नाही. आकडा तरीही असतो.

पैसे भरून काढलेल्या तिकिटात ही मर्यादा ओलांडली तर भाडं ५, १०, १५, २० किंवा २५ टक्क्यांनी वाढतं, आणि त्याही पलीकडे गेलं की भाडं तोडून दोन भाग करावे लागतात. अवॉर्ड तिकिटात बहुधा असा जिना नसतो. एक तर बसतं, नाही तर बसत नाही. काही कार्यक्रम, म्हणजे विमान कंपन्यांच्या पॉइंट योजना, मर्यादेवर थोडी जास्तीची सवलत देतात, पण ती कार्यक्रमाच्या नियमांत लिहिलेली दिसल्याशिवाय हिशोबात धरू नये.

आपला कार्यक्रम कोणत्या जातीचा, हे आधी ओळखा

सगळे कार्यक्रम एमपीएम वापरत नाहीत. ढोबळमानाने तीन जाती आहेत.

पहिल्या जातीत प्रदेशाप्रमाणे ठरलेले पॉइंट असतात आणि एमपीएमचं कुंपण असतं. कुंपणाच्या आत किती का फिरा, पॉइंट तेवढेच.

दुसऱ्या जातीत प्रत्यक्ष उडालेल्या एकूण मैलांचे पट्टे असतात. इथे फेरा घातला तर वाट लगेच बाद होत नाही, पण पट्टा बदलतो आणि पॉइंट वाढतात. एअर कॅनडाच्या एरोप्लॅन या कार्यक्रमाने नोव्हेंबर २०२० मध्ये आणलेला तक्ता असा आहे: भारत त्यांच्या ‘अटलांटिक’ प्रदेशात येतो, आणि तिथून उत्तर अमेरिकेला जाताना ४,०००, ६,००० आणि ८,००० मैलांवर पट्टे बदलतात.

तिसऱ्या जातीत प्रत्येक टप्प्याचे पॉइंट वेगळे मोजून बेरीज होते. ब्रिटिश एअरवेजच्या एव्हिऑस पॉइंटचा तक्ता या धाटणीचा: ६५०, १,१५०, २,०००, ३,०००, ४,०००, ५,५००, ६,५०० आणि ७,००० मैलांवर पायऱ्या. मुंबई ते लंडन थेट गेलात तर सुमारे ४,४८० मैलांची एकच पायरी. दोहामार्गे गेलात तर मुंबई-दोहा १,४२५ आणि दोहा-लंडन ३,२५५ अशा दोन पायऱ्यांचे पॉइंट. अशा कार्यक्रमात वाट वाकडी किती यापेक्षा विमान किती वेळा बदललं, हेच महाग पडतं.

जगप्रदक्षिणेची तिकिटं हा वेगळाच प्रकार. क्वांटासच्या वनवर्ल्ड रिवॉर्डमध्ये एकूण ३५,००० मैल आणि पाच स्टॉपओव्हर (२४ तासांहून लांब थांबे) अशी सरळ कमाल मर्यादा आहे. तिथे एमपीएमचा संबंध नाही.

मुंबई ते टोकियो, कागदावर

ग्रेट सर्कल मॅपर हे फुकटचं संकेतस्थळ उघडा. विमानतळांचे तीन अक्षरी कोड मध्ये आडवी रेघ देऊन टाका. नकाशावर वाट उमटते आणि खाली प्रत्येक टप्प्याचं व एकूण अंतर येतं. एकक ‘स्टॅट्यूट मैल’ ठेवा. इथले आकडे जवळच्या पाचावर आणले आहेत.

मुंबई-टोकियो (नारिता) सरळ अंतर सुमारे ४,२१५ मैल. त्याच्या १.२ पट ५,०५८. ही झाली अंदाजे मर्यादा.

बँकॉकमार्गे: मुंबई-बँकॉक १,८८५, बँकॉक-टोकियो २,८९०. बेरीज ४,७७५. बसलं, वर २८३ मैल शिल्लक.

सिंगापूरमार्गे: मुंबई-सिंगापूर २,४३५, सिंगापूर-टोकियो ३,३३०. बेरीज ५,७६५. मर्यादेपेक्षा ७०७ मैल, म्हणजे १४ टक्के जास्त. नाही बसत.

नकाशावर बघणाऱ्याला सिंगापूर आणि बँकॉक शेजारी वाटतात, म्हणून इथे हमखास चूक होते. सिंगापूर जवळजवळ विषुववृत्तावर आहे. मुंबईहून तिथे उतरायचं आणि मग पुन्हा वर टोकियोपर्यंत चढायचं. हा खाली जाऊन वर येण्याचा खर्च सपाट नकाशात दिसत नाही.

आता एक टप्पा वाढवू: मुंबई-दिल्ली ७१०, दिल्ली-बँकॉक १,८३०, बँकॉक-टोकियो २,८९०. बेरीज ५,४३०. गेलं. बँकॉक एकटं चालत होतं, दिल्ली त्याच्या आधी जोडताच ३७२ मैलांनी बाहेर. बँकॉक सोडून मुंबई-दिल्ली-टोकियो केलं तर ७१० आणि ३,६७० मिळून ४,३८०, ते मात्र आरामात आत.

भुसावळचा माणूस कुठून निघतो

खानदेशातल्या प्रवाशाला एक सोय आहे. भुसावळहून मुंबईलाही गाड्या आहेत आणि दिल्लीलाही. म्हणजे तिकीट कुठून सुरू करायचं, हा पर्याय खरोखर हातात आहे. आणि एमपीएम तुमच्या घरापासून मोजत नाहीत, तिकिटावरच्या पहिल्या शहरापासून मोजतात. रेल्वेचं अंतर त्यात येतच नाही.

दिल्ली टोकियोला जवळ, म्हणून बँकॉकमार्गे जायला दिल्लीहून सोपं पडेल असं वाटतं. हिशोब करून बघा. दिल्ली-टोकियो ३,६७०, त्याच्या १.२ पट ४,४०४. दिल्ली-बँकॉक-टोकियो १,८३० आणि २,८९० मिळून ४,७२०. ३१६ मैल जास्त. मुंबईहून जी वाट बसते ती दिल्लीहून बसत नाही, आणि तीही प्रत्यक्ष अंतर कमी असून! कारण मुंबईहून पूर्वेला जाताना बँकॉक फारसं आडवाटेला पडत नाही. दिल्लीहून टोकियोला जाताना मात्र त्यासाठी बरंच दक्षिणेला उतरावं लागतं.

अमेरिकेकडे तोंड केलं की चित्र उलटतं. न्यूजर्सीत, म्हणजे न्यूअर्क विमानतळावर जायचंय आणि कार्यक्रम ८,००० मैलांच्या पट्ट्याचा आहे. मुंबई-दिल्ली-न्यूअर्क: ७१० आणि ७,३१०, बेरीज ८,०२०. वीस मैलांसाठी वरचा पट्टा. तेच तिकीट दिल्लीपासून काढलं तर ७,३१०, खालचा पट्टा, आणि दिल्ली तुम्ही रेल्वेने गाठलीत. इस्तंबूलमार्गे मुंबईहून ३,००५ अधिक ५,००५, म्हणजे ८,०१०, पुन्हा काठावरून बाहेर. दिल्लीहून इस्तंबूलमार्गे सुमारे ७,८४०, आत. मुंबईहूनच निघायचं असेल तर फ्रँकफर्टमार्गे बघा: ४,०८० अधिक ३,८६५, बेरीज ७,९४५. इतक्या काठावरच्या वाटेत कंपनीच्या स्वतःच्या कोष्टकातला आकडा निर्णायक असतो, म्हणून पॉइंट किती दाखवतात ते पडद्यावर बघूनच पुढे जायचं.

म्हणून आमचं स्पष्ट मत: वाट शोधायच्या आधी टोक ठरवा. बहुतेक जण मुंबई गृहीत धरतात आणि मग मधली शहरं हलवत बसतात. मर्यादा दोन टोकांमुळे ठरते, तेव्हा मधलं शहर बसत नसेल तर टोक हलवून बघायचं. लांबच्या तिकिटाला फेरा जास्त झेपतो हेही लक्षात ठेवा. मुंबई-टोकियोची २० टक्के मोकळीक ८४३ मैलांची. मुंबई-सिडनीची (सरळ ६,३१०) १,२६२ मैलांची, त्यामुळे तिथे हाँगकाँगसारखं आडवाटेचं शहरही बसतं: २,६५५ अधिक ४,५९५, बेरीज ७,२५०, मर्यादा ७,५७२.

आणि सिंगापूर बघायचंच असेल तर? टोकियोच्या तिकिटात कोंबू नका. जाताना बँकॉकमार्गे टोकियो, येताना सिंगापूरला संपणारं तिकीट, आणि तिथून मुंबईचं तिसरं. काही कार्यक्रमांत एकेरी तिकिटाला येण्याजाण्याच्या निम्मे पॉइंट लागतात. तिथे ही तोडणी फार महाग पडत नाही.

आकडा बसला, तरी तिकीट निघत नाही तेव्हा

फोनवरच्या प्रतिनिधीने ‘इनव्हॅलिड रूटिंग’ म्हटलं की सगळे एमपीएमला दोष देतात. बरेचदा कारण दुसरंच असतं.

दिशा. प्रत्येक एमपीएमबरोबर जगाच्या कोणत्या बाजूने जायचं तेही लिहिलेलं असतं: अटलांटिकवरून, पॅसिफिकवरून, की पूर्व गोलार्धातल्या पूर्व गोलार्धात. भारत-अमेरिका जोडीला अटलांटिकचा आकडा वेगळा, पॅसिफिकचा वेगळा. अटलांटिकचा आकडा धरून सिंगापूरमार्गे हिशोब करणं म्हणजे शहाद्याच्या बसचं तिकीट रावेरच्या बसमध्ये दाखवणं. तसंही मुंबई-सिंगापूर-न्यूअर्क २,४३५ अधिक ९,५३५ होतं, जवळजवळ १२,००० मैल.

तिसरा प्रदेश. मैल बसले तरी काही कार्यक्रम ‘अ’ प्रदेशातून ‘ब’ प्रदेशात जाताना ‘क’ प्रदेशातून जाऊ देत नाहीत, किंवा ठरावीक जोड्यांनाच देतात. ही यादी नियमावलीत वेगळ्या पानावर असते.

मागे फिरणं. एकाच शहरातून दोनदा जाणं किंवा मुक्कामाचं शहर ओलांडून परत येणं, बहुतेक ठिकाणी बंद.

थांबा. आंतरराष्ट्रीय प्रवासात २४ तासांच्या आत पुढचं विमान असेल तर तो ट्रान्झिट; त्याहून जास्त थांबलात की स्टॉपओव्हर. रेल्वेच्या ब्रेक जर्नीशी ताडून बघितलं की चटकन उमगतं. ५०० किलोमीटरच्या वरच्या तिकिटावरच मध्ये उतरायची मुभा मिळते, म्हणून भुसावळ-मुंबईला ती नाही आणि भुसावळ-दिल्लीला आहे. अवॉर्डमध्येही स्टॉपओव्हर मिळणार का, किती मिळणार आणि त्याचे पॉइंट लागणार का, हे कार्यक्रमावर आहे. एरोप्लॅनच्या त्याच तक्त्यात एका स्टॉपओव्हरला ५,००० पॉइंट जास्त लागतात. मैलांच्या बेरजेला मात्र तुम्ही दोन तास थांबलात की दोन दिवस, याने फरक पडत नाही.

जमिनीवरचा तुकडा. एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून पुढे उडायचं, मधलं अंतर स्वतः रस्त्याने किंवा रेल्वेने. काही कार्यक्रम तो तुकडा मैलांत धरतात. जगप्रदक्षिणेच्या तिकिटांत तो धरला जातो असंच समजून हिशोब करा.

शहर आणि विमानतळ यांचीही गफलत होते. एमपीएमच्या कोष्टकात टोकियो हे एकच शहर आहे, नारिता आणि हानेदा दोन्ही त्यातच. पण नारिताला उतरून हानेदाहून पुढे उडायचं असेल तर मधली बस, सामान आणि जपानचा व्हिसा तुमच्या डोक्यावर.

मोजताना होणाऱ्या चुका

किलोमीटर आणि मैल मिसळणं ही सर्वात साधी. एक मैल म्हणजे १.६०९ किलोमीटर. त्याहून फसवी चूक नॉटिकल मैलांची. काही अॅप नॉटिकल मैल दाखवतात आणि एक नॉटिकल मैल १.१५ साध्या मैलांएवढा असतो. ५,७६५ मैलांची सिंगापूरची वाट नॉटिकलमध्ये जेमतेम ५,०१० दिसते आणि ५,०५८ च्या आत बसल्यासारखी वाटते. माणूस खुश होतो, क्रेडिट कार्डाचे पॉइंट विमान कंपनीकडे वळवतो आणि अडकतो.

विमान ट्रॅक करणाऱ्या अॅपवरचं उडालेलं अंतरही घेऊ नका. बंद हवाई हद्द टाळून विमान लांबून गेलं तरी तिकिटाच्या हिशोबात कोष्टकातलाच आकडा लागतो.

कोष्टकातलं टीपीएम आणि नकाशावरचं अंतर यांत थोडा फरक असतो, म्हणून मर्यादेच्या आत निदान दोन टक्के जागा सोडा. बेरीज काठावर येत असेल तर खरा एमपीएम काढून घ्या. एक्सपर्ट फ्लायरसारख्या सशुल्क सेवेत तो दिसतो. जळगाव, धुळ्यात परदेशी तिकिटं काढणारे एजंट असतात. ज्याच्याकडे अमेडियस किंवा गॅलिलिओ ही तिकिटं काढायची संगणक यंत्रणा आहे त्याला शहरांची यादी क्रमाने दिली तर टप्प्यांचे मैल आणि मर्यादा मिनिटभरात पडद्यावर येते. ‘मुंबई, बँकॉक, टोकियो, पूर्व गोलार्ध’ एवढं सांगायचं. त्याचा वेळ घेताय, तर त्याचं शुल्कही द्या.

कामाचा क्रम

आधी कागदावर बेरीज. मग जागा. प्रत्येक टप्पा वेगवेगळा शोधा, कारण संकेतस्थळ पूर्ण वाट जोडून दाखवेलच असं नाही. स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात अवॉर्डच्या जागा इकॉनॉमीला ‘एक्स’, बिझनेसला ‘आय’ आणि फर्स्टला ‘ओ’ या अक्षराने मिळतात. बाकीच्या जागा विमानात रिकाम्या असल्या तरी तुमच्या कामाच्या नाहीत. एकाच कंपनीच्या संकेतस्थळावर दिसलेली जागा दुसऱ्या भागीदाराच्या संकेतस्थळावरही दिसते का, ते पडताळा. एकीकडेच दिसणारी जागा अनेकदा नुसती दिसण्यापुरती असते.

मग फोन. प्रतिनिधीला ‘मुंबई ते टोकियो’ सांगून सोडू नका. तो त्याच्या यंत्रणेने सुचवलेली वाट देईल. टप्प्याटप्प्याने द्या: तारीख, विमान क्रमांक, कुठून कुठे, वर्ग. नाकारलं तर एकच प्रश्न विचारा: मैलमर्यादेमुळे की दुसऱ्या नियमामुळे? मैलांमुळे असेल तर त्याच्या पडद्यावरचा एमपीएम आणि बेरीज दोन्ही आकडे लिहून घ्या. तुमच्या बेरजेशी जुळत नसतील तर बहुधा दिशा किंवा टोक चुकीचं धरलेलं असतं, आणि ते तिथेच दुरुस्त होतं.

कार्डाचे पॉइंट विमान कंपनीकडे वळवणं हे सगळ्यात शेवटी. एकदा गेलेले पॉइंट परत येत नाहीत. वळायला काही कार्यक्रमांत मिनिटं लागतात, काहींत दिवस, म्हणून प्रतिनिधी जागा धरून ठेवतो का ते आधी विचारा. तसंच ट्रान्झिट व्हिसा: वाटेतल्या देशाचा भारतीय पासपोर्टसाठीचा चालू नियम त्यांच्या दूतावासाच्या संकेतस्थळावर बघा. मैल बसले पण विमानतळावरून पुढे सोडलं नाही, असं व्हायला नको.

जळगाव ते मुंबई कसं धरायचं

जळगावहून प्रादेशिक विमानं उडतात, पण ती अवॉर्ड तिकिटात जोडायच्या भरवशावर राहू नका. अलायन्स एअर हे नाव फसवं आहे. ती स्टार अलायन्सची सदस्य नाही. भारतातून स्टार अलायन्समध्ये एअर इंडिया आहे, ११ जुलै २०१४ पासून. म्हणजे जळगाव-मुंबई विमान असो की भुसावळहून रात्रीची गाडी, ते वेगळं तिकीट. त्याला उशीर झाला आणि पुढचं विमान सुटलं तर अवॉर्डवाली कंपनी ते ‘नो शो’, म्हणजे प्रवासी आलाच नाही, असं धरते. आदल्या दिवशी संध्याकाळपर्यंत मुंबईत पोहोचेल असाच बेत करा. पावसाळ्यात कसारा घाटाचा विचार करून आणखी अर्धा दिवस धरा.

तिकीट निघालं की ई-तिकिटाचा १३ आकडी क्रमांक आला का ते बघा. पहिले तीन आकडे तिकीट काढणाऱ्या कंपनीचे असतात, एअर इंडियाचे ०९८. नुसता सहा अक्षरी पीएनआर म्हणजे जागा धरली, तिकीट नाही. प्रत्येक भागीदार कंपनीचा पीएनआर वेगळा मागून घ्या आणि तिच्या संकेतस्थळावर आपला टप्पा दिसतो का ते तपासा.

पुढे कंपनीने वेळ बदलली किंवा एखादं विमान रद्द केलं, तर नवी वाट तुम्हीच शोधून ठेवा आणि तिचीही बेरीज करा. अशा वेळी प्रतिनिधी मर्यादेबाबत हात सैल सोडू शकतो, पण सुरुवातीचं आणि शेवटचं शहर तेच ठेवून मागितलं तरच.